कल्याणचे ताट, फिलाडेल्फियाची चूल

उल्हासनगरच्या बाजारात एक जुना विनोद आजही ऐकू येतो. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का दिसला म्हणून भुलू नये. या यूएसएचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असाही असू शकतो! खुद्द उल्हासनगरकरही तो हसत हसत सांगतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांच्या जागी, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी हे शहर उभे केले. ‘कल्याण कॅम्प’ला उल्हासनगर हे नाव मिळाले ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी. त्याच्या सहासष्ट वर्षे आधी शेजारच्या कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी खऱ्याखुऱ्या यूएसएला जाऊन पोहोचली होती.

तिचे नाव आनंदी गोपाळ जोशी. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कादंबरी, नाटक, चित्रपट सगळे झाले. परंतु या साऱ्यात एक साधा प्रश्न बहुधा मागे राहतो. जी मुलगी मांस, मासे, अंडी यांना शिवत नव्हती, ती १८८३ च्या अमेरिकेत तीन वर्षे जेवली काय? हा धागा त्या ताटाविषयी आहे. ताटाच्या अनुषंगाने शहरांविषयीही आहे, कारण परदेशात माणूस आधी भुकेने शहर ओळखतो आणि मग डोळ्यांनी.

प्रथम थोडे खोऱ्याविषयी. मुंबई–ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला आली आणि १८५६ मध्ये आजच्या अंबरनाथ–बदलापूरच्या बाजूने घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. रुळांबरोबर प्रवासीही आले. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आले. तेथील शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानांनी अभ्यासला, आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने मुंबईच्या कलाशाळेतील मंडळी पाठवून शिल्पांची रेखाटने व साचे करवून घेतले. उल्हास नदीच्या काठी गोरा साहेब काहीतरी पाहायला, मोजायला, टिपून न्यायला येणार, ही गोष्ट त्या काळात सरावाची होऊ लागली होती. या खोऱ्यातून कोणी उठून साहेबाच्या मुलखापलीकडचा मुलूख पाहायला जाईल, ही कल्पना मात्र कोणाच्या मनात नसावी. स्त्री जाईल ही तर नाहीच.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणच्या जोशी घराण्यात गेले. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. वर बिजवर होता आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. गोपाळरावांचे शिक्षणाचे वेड, त्यांचा विक्षिप्त जाच, कोल्हापूरहून मिशनरी वाइल्डर यांना त्यांनी लिहिलेले पत्र, ते अमेरिकेतील एका मासिकात छापले जाणे आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ते वाचणे, हा सारा भाग प्रसिद्ध आहे. कार्पेंटरबाईंशी पत्रमैत्री जमली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हापासूनच नाजूक होती. सततची डोकेदुखी, ताप, धाप. मावशींनी अमेरिकेहून औषधेही पाठवली होती. ही नोंद पुढे उपयोगी पडणार आहे.

आता मुख्य अडचण. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाई, हे सर्वांना माहीत असते. का, याचा विचार फारसा होत नाही. खाऱ्या पाण्यात स्वतःचे असे पाप नव्हते. जहाजावर सोवळे पाळता येत नव्हते. पाणी कोणी भरले, भात कोणी शिजवला, भांडे कोणाच्या हाताला लागले, पंक्तीला कोण बसले, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे बोटीवर मिळणे अशक्य होते. जात ही ताटात, तांब्यात आणि चुलीजवळ राखली जाई. म्हणून परतलेल्या प्रवाशाला पहिला प्रश्न ‘काय पाहिलेस’ असा कधीच नसे. ‘काय खाल्लेस आणि कोणाबरोबर’ असा असे.

हे ओळखूनच आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी जाहीर खुलासा केला. गोपाळराव तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरच्या टपाल कचेरीत होते. तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्या इंग्रजीतून बोलल्या. हिंदुस्थानात स्त्रीवैद्यांची गरज का आहे, मी एकटी का जाते, असे लोकांचे प्रश्न एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, आचार, अन्न व पोशाख यांत बदल करणार नाही, असे त्यांनी सांगितले. अठरावे वर्षही पुरे न झालेल्या मुलीने, जो देश पाहिला नाही तेथील थंडी आणि तेथील स्वयंपाकघर यांविषयी दिलेला हा शब्द होता.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून प्रवास सुरू झाला. सोबत मिशनरी स्त्रिया, नात्याचे कोणी नाही. वाटेत त्यांनी बहुतांशी बटाट्यांवर दिवस काढले, असे चरित्रकार सांगतात. यात नवल नाही. उकडलेला बटाटा हा मांसाहारी भटारखान्यातील एकमेव निरुपद्रवी पदार्थ. त्यावर सालीचे सोवळे असते. जवळजवळ दोन महिने हा क्रम चालला आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क आले.

कोणते न्यूयॉर्क? अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, २४ मे रोजी, ब्रुकलिनचा झुलता पूल खुला झाला होता. जगातील सर्वांत लांब झुलता पूल म्हणून त्याचा डंका वाजत होता, आणि ३० मे रोजी पूल कोसळतो आहे अशा अफवेने चेंगराचेंगरी होऊन बारा माणसे मेलीही होती. पूल, विजेचे दिवे, गर्दी: शहर स्वतःच्याच नवलाईत होते. ज्या रोझेल गावी आनंदीबाई उतरल्या तेही साधेसुधे खेडे नव्हते. खांबांवरून तारा ओढून एखादे गाव विजेने उजळण्याचा प्रयोग एडिसनने त्याच वर्षी जानेवारीत तेथेच केला होता. कल्याणच्या तेलाच्या समयांतून निघालेली मुलगी थेट त्या गावात पोहोचली.

रोझेलचा उन्हाळा हा त्यांच्या अमेरिकावासातील सर्वांत सुखाचा काळ म्हणावा लागेल. कार्पेंटरांच्या घरी त्यांना मुलीसारखे वागवले गेले आणि स्वयंपाकघर मोकळे मिळाले. तेथे त्यांनी परिचित अमेरिकन मंडळींना एकदा हिंदू पद्धतीचे जेवण दिले. पाहुण्या जमिनीवर बसल्या आणि हाताने जेवल्या. परदेशी पाहुण्याने यजमानालाच पाहुणा करण्याचा हा प्रसंग वरकरणी गमतीचा वाटतो; त्यात एक धारही आहे. कल्याणच्या घरात या बायका ओसरीच्या पुढे आल्या नसत्या. रोझेलमध्ये मात्र पंगत कोणाची आणि नियम कोणाचे, हे आनंदीबाईंनी ठरवले. श्रीरामपूरच्या भाषणातील शब्द पाळण्याचा हा एक मार्ग होता, आणि तो बंद दाराआड जेवण्यापेक्षा कितीतरी आनंदाचा होता.

ऑक्टोबरात फिलाडेल्फिया. तेथील स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झालेले. अधिष्ठाता रेचल बॉडली. त्यांनी शिष्यवृत्तीची सोय केली. पण पंगत संपली होती. खोली भाड्याची, शेगडी धुराची. खिडकी उघडावी तर गारठा, बंद करावी तर धूर, अशी त्या खोलीची अवस्था चरित्रांत वर्णिली आहे. दिवसभर व्याख्याने व शवविच्छेदन, आणि संध्याकाळी स्वतःपुरता स्वयंपाक. ज्यांनी परगावी खोली घेऊन शिक्षण केले आहे, त्यांना यातले निम्मे दुःख सांगावे लागणार नाही. उरलेले निम्मे मात्र त्या शतकाचे आहे.

कारण शहर अन्नाने ओसंडत होते, पण त्यांच्यासाठी नव्हे. फिलाडेल्फियाची ख्याती ‘पेपर पॉट’ या सुपाची; त्यात गुरांच्या जठराचे तुकडे. न्याहारीचा ‘स्क्रॅपल’ म्हणजे डुकराचे उरलेसुरले मांस मक्याच्या पिठात शिजवून केलेल्या वड्या. कालवे इतकी स्वस्त की गरीब माणूसही ती खाई. शिकागोचे प्रचंड कत्तलबाजार आनंदीबाईंच्याच जन्मवर्षी, १८६५ मध्ये उघडले होते आणि बर्फाच्या डब्यांतून तेथील मांस आता पूर्वेकडील शहरांत येत होते. शाकाहारी दिसणारे पदार्थही विश्वासाचे नव्हते. घेवडा शिजे तो खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर, पायचे आवरण डुकराच्या चरबीत मळलेले, केकमध्ये अंडी. उरले दूध, लोणी, पाव, ओटची लापशी, फळे. आणि पुन्हा बटाटा. (याच शहराच्या नावाने ओळखले जाणारे आइस्क्रीम अंड्याशिवाय करतात, ही इतिहासाने केलेली किरकोळ भरपाई.)

गंमत अशी, की त्याच शहरात गोऱ्या ख्रिस्ती शाकाहाऱ्यांचा एक पंथ जुना होता. इंग्लंडहून १८१७ मध्ये आलेल्या ‘बायबल ख्रिश्चन’ मंडळींनी मांस व मद्य वर्ज्य केले होते, आणि अमेरिकेतील शाकाहारी चळवळीचे ते मूळ मानले जाते. १८८६ मध्ये, म्हणजे आनंदीबाई पदवी घेत होत्या त्याच वर्षी, तेथेच ‘व्हेजिटेरियन सोसायटी ऑफ अमेरिका’ निघाली. म्हणजे मांस न खाणे फिलाडेल्फियाला अपरिचित नव्हते. फक्त तेथे तो विवेकाचा प्रश्न होता. कल्याणात तो जन्माचा होता.

थंडीने पोशाखाचा शब्दही ताणला. नऊवारी नेसण्यात पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली आणि त्याबद्दल गोपाळरावांशी पत्रांतून चर्चा झाली. हजारो मैलांवर बसलेला नवरा साडीच्या काठाची चौकशी करतो आहे आणि बायको शरीरशास्त्राच्या परीक्षेला बसते आहे! ही पत्रे वाचताना गोपाळरावांविषयी आदर आणि चीड आळीपाळीने वाटत राहते; दोन्ही रास्त आहेत. त्यांच्याशिवाय ती अमेरिकेला गेली नसती, आणि तिथेही त्यांनी तिला पुरते एकटे सोडले नाही.

१० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र इंटरनेटवर वारंवार फिरते. जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि साडीतील आनंदीबाई शेजारी शेजारी. तिघी आपापल्या देशाच्या वेशात. छायाचित्र पोशाख दाखवते, गालफाडे दाखवत नाही असे नाही. निरखून पाहावे.

‘नीट खाल्ले असते तर वाचली असती’ असा शेरा त्या काळापासून आजवर मारला जातो. तो जपून घ्यावा. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये जाहीर केला, आनंदीबाई निघण्याच्या केवळ वर्षभर आधी. त्यावर परिणामकारक औषध यायला आणखी साठ वर्षे लागणार होती. निघतानाच त्या आजारी होत्या. अपुरे अन्न, धूर आणि गारठा यांनी शरीर खचवले असणार. पण शाकाहाराला आरोपीच्या पिंजऱ्यात एकट्याला उभे करणे हा पुराव्याशी अन्याय आहे. मांसाहारी अमेरिकन तरुणही तेव्हा क्षयाने शेकड्यांनी मरत होते.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. आनंदीबाईंचा प्रबंध हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला सातासमुद्रापलीकडून एक मराठी पाहुणी आली होती: पंडिता रमाबाई. येथे ताटाची गोष्ट एक वळण घेते.

रमाबाई इंग्लंडहून आल्या. तीन वर्षे तेथे राहून त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकल्या व शिकवले होते. धर्म बदलला, ताट बदलले नाही. मांस तर सोडाच, अंडे घातलेले पुडिंगही त्या घेत नसत. त्यांच्या आध्यात्मिक पालक सिस्टर जेराल्डिन यांना यात ब्राह्मणी अहंकार दिसला. त्यावर रमाबाईंनी पत्रातून दिलेले उत्तर खोचक आहे: माझा अहंकार शोधायचाच असेल तर तो पुडिंगात शोधा, दुधालोण्यात शोधा, पायमोज्यांत शोधा, मी रोज जाळते त्या कोळशाच्या ढिगातही शोधा; जातीच्या संस्कारांतून मी पूर्ण सुटलेली नाही, हे मान्य; अशा आशयाचे. हिंदुस्थानात धर्मभ्रष्ट ठरलेली बाई इंग्लंडात जेवणावरून फारच हिंदू ठरत होती.

जेमतेम पाच वर्षांच्या मनोरमेला घेऊन रमाबाई ‘ब्रिटिश प्रिन्सेस’ या बोटीने मार्च १८८६ च्या आरंभी फिलाडेल्फियास उतरल्या. काही आठवड्यांचा मुक्काम ठरला होता, तो अडीच वर्षांहून अधिक लांबला. त्यातून १८८९ मध्ये ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक आले. मराठीतील उत्तम प्रवासग्रंथांत त्याची गणना व्हावी आणि तरीही ते फारसे वाचले जात नाही, ही खंत आहे.

इंग्रज प्रवासी अमेरिकेत जाऊन पुस्तक लिहितो, ही त्या शतकातील जुनी रीत होती. फ्रान्सिस ट्रोलोप यांनी अमेरिकनांच्या रीतिभातींची टिंगल केली; चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये गेले आणि तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी वैतागून परतले. साहेबाच्या लेखी अमेरिका म्हणजे असंस्कृत धाकटा भाऊ. रमाबाई त्याच इंग्लंडहून, त्याच वाटेने गेल्या; पण त्यांची नजर साहेबाची नव्हती. इंग्रजांचे राज्य झुगारून एका देशाने काय उभे केले, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून त्यांची प्रेक्षणीय स्थळे निराळी. राज्यव्यवस्था, घरे, शाळा, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार अशी त्यांची प्रकरणे. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान शिक्षणाची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली. मद्यपानबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने आणि तिच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांनी त्यांना भारून टाकले. दारूशिवायची मेजवानी हा रमाबाईंना अमेरिकेने दिलेला अनपेक्षित आनंद म्हणता येईल.

मात्र त्या भारावून आंधळ्या झाल्या नाहीत. काळ्या लोकांविषयीचा तिरस्कार आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय त्यांनी नोंदवला. कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटवर त्यांनी झोड उठवली. टोपीवर मेलेले पक्षी आणि पिसे मिरवणाऱ्या सुशिक्षित स्त्रियाही त्यांच्या टीकेतून सुटल्या नाहीत. पुडिंगातील अंड्यावरून जिला अहंकारी म्हटले गेले, तिने टोपीवरील पक्ष्यावरून उलट प्रश्न विचारला, हा योगायोग नसावा.

आनंदीबाई ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कहून परत निघाल्या. बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जवळजवळ पुरा झाला होता. २८ ऑक्टोबरला अनावरण झाले तेव्हा त्यांची बोट दूर गेली होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. ते कधीच सुरू झाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. जिच्या पंगतीला त्या कल्याणात बसू शकल्या नसत्या, तिच्या घरच्या माणसांच्या शेजारी.

रमाबाईंनी मुंबईस परतून ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन काढले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. विधवा मुलींच्या घरच्यांना विश्वास वाटावा म्हणून तेथे ब्राह्मणी स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था ठेवणे रमाबाईंना भाग पडले. बॉस्टनच्या देणग्यांवर चाललेल्या संस्थेत सोवळ्याची चूल पेटली.

आणि गोपाळराव? ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि शहरातील इतर प्रतिष्ठित मंडळी हजर होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी प्याले, कोणी नुसताच पेल्याला हात लावला. काही दिवसांनी ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे छापून आली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य माजले. टिळकांना आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगावे लागले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारकच त्यांच्यावर रागावले. ती नावे छापवण्यामागे होते टपाल खात्यातील जुने कारकून गोपाळराव जोशी. पुण्यातील कोणता सुधारक खरोखर काय खातो-पितो आणि विचारले तर काय सांगतो, हे त्यांना एकदा चव्हाट्यावर आणायचे होते.